मोडलेला हात कोण छापतं?

ऐंशीच्या दशकात देवनारच्या आमच्या वस्तीत संध्याकाळ झाली की जमिनीवर चुन्याच्या रेघा ओढल्या जात आणि कबड्डी सुरू होई. मी गुडघे फोडून घरी आलो की अब्बा म्हणत, ‘‘यानं पोट भरतं का?’’ १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाच्या खेळांत स्थान मिळालं आणि भारतानं सुवर्ण जिंकलं. मोठ्या उमेदीनं मी ती बातमी अब्बांना वाचून दाखवली. ते शांतपणे म्हणाले, ‘‘जिंकले ते छापतात बेटा. मोडलेला हात कोण छापतं?’’

अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांबाबत आईबापांचा निर्णय अनेकदा अशा छापलेल्या नि न छापलेल्या गोष्टींवर ठरतो. मणिपूरच्या मेरी कोमनं आपलं मुष्टियुद्ध सुरुवातीला घरापासून लपवलं होतं. २००० साली ती राज्यविजेती झाली, वर्तमानपत्रात छायाचित्र आलं आणि वडिलांना पत्ता लागला. ते स्वतः कुस्ती खेळलेले. पण पोरीच्या चेहऱ्याला इजा झाली तर लग्न कसं जमणार, ही त्यांची काळजी. विरोध मावळायला पुढं वेळ लागला.

उलटंही घडतं. १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकची ज्योत पेटवताना महंमद अलीचा हात थरथरत होता. त्याच्या कंपवाताचं निदान १९८४ सालीच झालं होतं. पण कोट्यवधी लोकांनी तो हात दूरचित्रवाणीवर पाहिला आणि ठोशांचा हिशेब त्यांच्या मनात उभा राहिला.

आमच्या घरात दूरचित्रवाणीनं बाजू घेतली ती २०१४ साली. २६ जुलैला वरळीच्या बंदिस्त स्टेडियममध्ये प्रो कबड्डी सुरू झाली. गिरणगावातल्या मंडळांनी मातीत जपलेला खेळ मॅटवर आणि झगमगाटात आला. तीस सेकंदांची चढाई, मग तीच पकड चार बाजूंनी पुन्हा. पुढच्या वर्षी अनुप कुमारच्या यू मुंबानं विजेतेपद मिळवलं. बारा वर्षांचा माझा मुलगा पलंगावरून मांडी थोपटू लागला. मीच त्याचं बोट धरून त्याला एका मंडळात नेलं. अब्बांनी मला जे दिलं नाही ते मी देतोय, असं वाटत होतं.

एका गल्लीतल्या सामन्यात चार थोराड पोरं त्याच्यावर पडली. खांदा निखळला. रात्री तो कण्हत होता. बायको म्हणाली, ‘‘टीव्ही बघून धाडलंत ना? मग ही रात्र टीव्हीवर दिसली होती का?’’

मी गप्प राहिलो. किशोर गटात वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते, हे मला तोवर माहीतच नव्हतं. माती कशी आहे, पडायचं कसं ते कोण शिकवतं, दुखापत झाली तर जवळ कोण असतं, यातलं काहीच मी विचारलं नव्हतं. मी फक्त खेळ पाहिला होता.

मंडळी, मुलाला मी घरी बसवलं नाही. खांदा बरा झाल्यावर तो पुन्हा खेळला. पण त्याआधी त्याची आई स्वतः मैदानावर गेली आणि प्रशिक्षकांना तासभर प्रश्न विचारत बसली. अब्बा असते तर त्यांनीही तेच विचारलं असतं.