सलाहुद्दीनची अर्धी मालिका आणि माळ्यावरच्या कॅसेटी

जानेवारी १९९९मध्ये न्यूझीलंडमधल्या एका हौशी संग्राहकाकडे १६ मिलिमीटर फिल्मचं एक रीळ सापडलं. कचऱ्यात टाकून दिलेल्या फिल्मांमधून ते कधीकाळी कुणीतरी उचललेलं होतं. त्यात होता बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानमालिकेचा सुमारे २५ मिनिटांचा एक भाग, ‘द लायन’. २७ मार्च १९६५ रोजी तो ब्रिटनमध्ये दाखवला गेला होता आणि पुढे बीबीसीनेच त्याची टेप पुसून टाकली होती. तो आता जगात कुठेही नाही, असं सगळे धरून चालले होते.

या बातमीशी आपला काय संबंध? संबंध असा की, या भागात सुलतान सलाहुद्दीन अय्युबी आहेत.

‘डॉक्टर हू’ नोव्हेंबर १९६३मध्ये सुरू झाली. कालयंत्रात बसून फिरणारा एक म्हातारा आणि त्याचे सोबती, अशी तिची कल्पना. सुरुवातीच्या काळात ही मंडळी एकदा परग्रहावर जात, एकदा इतिहासात. मुलांना विज्ञानासोबत इतिहासही कळावा, असा बीबीसीचा हेतू होता. १९६५च्या वसंतात ती पोचली तिसऱ्या क्रुसेडच्या पॅलेस्टाईनमध्ये. चार भागांची ही कथा ‘द क्रुसेड’ म्हणून ओळखली जाते. लेखक डेव्हिड व्हिटेकर, दिग्दर्शक डग्लस कॅमफिल्ड.

विशेष म्हणजे सलाहुद्दीन यात खलनायक नाहीत. बर्नार्ड के या नटाने त्यांना शांत, विचारी, समोरच्याला जोखून बोलणारा राज्यकर्ता म्हणून उभं केलं आहे. उलट इंग्लंडचा राजा रिचर्ड तापट आणि उतावळा दिसतो. रिचर्ड आपली बहीण जोआना हिचं लग्न सलाहुद्दीनचे भाऊ अल-आदिल यांच्याशी लावून लढाई मिटवू पाहतो, तो प्रसंगही आहे. ही लेखकाची कल्पना नव्हे. सलाहुद्दीन यांच्या दरबारातले काझी आणि चरित्रकार बहाउद्दीन इब्न शद्दाद यांनी हा प्रस्ताव नोंदवून ठेवला आहे. साठच्या दशकात ब्रिटिश मुलांच्या मालिकेत तो यावा, हे मला आजही नवलाचं वाटतं.

अर्थात सगळं गोड नाही. अरबांच्या मुख्य भूमिका गोऱ्या नटांनी चेहरे रंगवून केल्यात. अल अकीर नावाचा एक अमीर आहे. जनानखाना, क्रौर्य, वखवख असा ठरलेला सगळा मसाला त्याच्या वाट्याला आलाय. दोन वर्षं आधी, १९६३मध्ये, कैरोत युसुफ शाहीन यांनी सलाहुद्दीन यांच्यावर भव्य चित्रपट काढला होता. त्यापुढे बीबीसीचे पुठ्ठ्याचे महाल गरीबच दिसतात. पण बाहेरच्याने आपल्याकडे कसं पाहिलं, याचा कागद म्हणून या चार भागांना किंमत आहे.

आणि त्यातले दोनच उरलेत. पहिला आणि तिसरा. दुसऱ्या व चौथ्या भागाचा फक्त आवाज आहे, तोही प्रेक्षकांनी घरी टीव्हीवरून टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतला म्हणून.

हे असं का झालं, ते समजून घेण्यासारखं आहे. त्या काळी व्हिडिओ टेप फार महाग होती. एकदा दाखवलेला कार्यक्रम पुन्हा कोण पाहणार, म्हणून ती पुसून दुसऱ्या कार्यक्रमासाठी वापरत. पण परदेशी विकण्यासाठी बीबीसी फिल्मवर प्रती काढत असे. त्या प्रती एका देशातून दुसऱ्या देशात फिरत, शेवटी परत पाठवाव्या किंवा नष्ट कराव्या, असा करार असे. ज्यांनी तो काटेकोर पाळला, त्यांच्याकडे काही उरलं नाही. जिथे रिळं विसरली गेली, तिथे ती वाचली. १९९२मध्ये हाँगकाँगहून एक अख्खी चार भागांची कथा परतली आणि काही महिन्यांतच व्हिडिओ कॅसेटवर बाजारात आली. २०१३मध्ये नायजेरियातल्या जोस शहराच्या टीव्ही केंद्रातून नऊ भाग मिळाले. तरीही या मालिकेचे शंभरच्या आसपास भाग बेपत्ता राहिले होते.

आता यातली मेख पाहा. अरब देशांना मालिका विकताना ‘द क्रुसेड’ वगळली गेली. विषय नाजूक, उगाच कशाला, असा तो व्यापारी विचार. म्हणजे ज्या देशांत सलाहुद्दीन यांचं नाव घराघरात होतं, तिथेच या कथेची रिळं गेली नाहीत. आणि जिथे रीळ गेलंच नाही, तिथल्या कपाटात ते विसरलंही जाणार नाही. कुणी सांगावं, बेपत्ता असलेले दोन भाग एखाद्या अरब टीव्ही केंद्राच्या गोदामात आज मिळाले असते.

‘द लायन’ सापडला त्याच वर्षी बीबीसीने कथेचे उरलेले दोन भाग व्हीएचएस कॅसेटवर काढले. मधल्या गाळलेल्या जागा भरायला मूळ मालिकेत इयानचं काम करणारे विल्यम रसेल म्हातारपणी पुन्हा कॅमेऱ्यापुढे बसले आणि हरवलेल्या भागांत काय घडलं ते त्यांनी सांगितलं. २००४मध्ये तेच भाग ‘लॉस्ट इन टाइम’ या डीव्हीडी संचात आले. हरवलेल्या मालिकेचे सुटे तुकडे लोक पैसे देऊन विकत घेतात, ही गोष्ट आपल्याकडे पटवून द्यावी लागेल.

चौथ्या हिजरी शतकात बगदादच्या इब्न अल-नदीम यांनी ‘अल-फिहरिस्त’ नावाची ग्रंथांची यादी केली. त्यातली बहुसंख्य पुस्तकं आज नाहीत, नावं तेवढी उरलीत. जी उरली, त्यातली पुष्कळशी कैरो, दमास्कस, इस्तंबूल अशा दूरच्या शहरांत नक्कल होऊन गेली म्हणून उरली. १२५८मध्ये बगदाद पडलं तेव्हा जे फक्त तिथेच होतं ते गेलं. कागद असो की फिल्म, जगण्याचा रस्ता एकच.

आपल्याकडचं काय? मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. सत्तरच्या दशकात चिं. वि. जोशींच्या कथांवरची ‘चिमणराव’ ही मालिका महाराष्ट्रभर गाजली. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांना लोक त्यातल्या नावांनी ओळखू लागले. विजया जोगळेकर-धुमाळे यांच्यासोबत ही मालिका उभी करणारे होते याकूब सईद. बबन प्रभूंसोबतचा त्यांचा ‘हास परिहास’ जुन्या प्रेक्षकांना आठवत असेल. मराठी टीव्हीच्या पायाभरणीत एक याकूब सईद होते, हे आज किती जणांना माहीत आहे? आपण सांगत नाही आणि दाखवायला फारसं काही शिल्लक नाही. ‘चिमणराव’चे मोजकेच भाग उरले. टेपा महाग, परदेशातून आणाव्या लागणाऱ्या, म्हणून पुन्हा पुन्हा वापरल्या गेल्या. बीबीसीसारखीच कथा, फरक एवढाच की मराठी मालिका हाँगकाँगला किंवा नायजेरियाला विकली जात नव्हती. त्यामुळे कुठून परत येण्याची शक्यताच नाही.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर विज्ञानमालिका आल्या. रविवारी ‘स्टार ट्रेक’, मग आपली ‘स्पेस सिटी सिग्मा’, १९८९च्या सुमारास ‘इंद्रधनुष’, ज्यात गिरीश कार्नाड होते आणि पोरसवदा करण जोहरही. पुढे १९९८मध्ये केतन मेहतांचा ‘कॅप्टन व्योम’. जयंत नारळीकरांनी ‘ब्रह्मांड’मधून खरं खगोलशास्त्र सांगितलं. आमचं नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातला एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा झाला १ जुलै १९९८ला. गच्चीवरचा अँटेना फिरवत, ‘आलं का? आलं का?’ असं ओरडत ही चित्रं आम्ही पाहिली. मुंग्याच जास्त दिसायच्या. अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवर तर तेवढंही नव्हतं, कारण आधी वीज यायची होती.

मोहल्ल्यात आणखी एक अडचण होती. टीव्ही घरात आणावा की नाही यावरच वाद असत. अजान झाली की बंद, पाहुणे मौलाना आले की वर चादर. पण ज्यांचा मुलगा किंवा भाऊ सौदीला, कुवेतला गेला, त्यांच्याकडे व्हीसीआर हमखास आला. कुणी सुरतेहून आणला. एकदा यंत्र घरात आलं की कोऱ्या कॅसेटी आल्या आणि कोऱ्या कॅसेटवर मग काहीही उतरलं: क्रिकेटची मॅच, नात, मुशायरा, ‘मिर्झा ग़ालिब’चा एखादा भाग, मुलांनी हट्टाने रेकॉर्ड केलेली विज्ञानमालिका. त्यावरच पुढे कुणाचा निकाह चढवला गेला.

म्हणून मला वाटतं, मराठी टीव्हीचा हरवलेला साठा असलाच तर तो कुठल्या सरकारी कपाटात कमी आणि अशा माळ्यांवर जास्त असेल. पुण्याचं राष्ट्रीय फिल्म संग्रहालय १९६४पासून चित्रपट जपतंय. दूरदर्शनने ‘भारत एक खोज’सारख्या मोठ्या मालिकांच्या डीव्हीडी काढल्या, ते चांगलंच झालं. पण एखाद्या दिवाळीत एकदाच लागलेला मराठी कार्यक्रम, रमजानमधला स्थानिक मुशायरा, याची दुसरी प्रत कुणी काढली असेल तर ती तुमच्या चाचांनी.

वेळ मात्र थोडा आहे. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. आता जे चालतं ते जुनंच यंत्र, दुरुस्त करत वापरलेलं. लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या जुन्या फोटोग्राफरांपैकी काहींकडे ते अजून असतं आणि पैसे घेऊन ते कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून देतात. नेण्याआधी कॅसेटच्या खिडकीतून आत पाहा. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती सरळ यंत्रात घालू देऊ नका, टेपही जाईल आणि यंत्राचं हेडही. आणि वर ‘शादी’ लिहिलंय म्हणून शेवटच्या निरोपाशी थांबू नका. कॅसेट १८० मिनिटांची असेल आणि शूटिंग दोन तासांचं, तर पुढे काय आहे तेही चालवून पाहा.