नकाराचा अधिकार : डेस्कटॉप आज्ञावलीतील ‘साहाय्यकां’चा इतिहास (१९९५–२०२५)

प्रस्तावना :

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात वैयक्तिक संगणक कार्यालयांत, महाविद्यालयांत आणि घरांत स्थिरावला. पत्रलेखन, हिशेब, निकालपत्रके ही कामे टेबलावरच्या यंत्राकडे आली. वापरकर्त्याच्या मनातले ओळखून न मागता मदत करणारी आज्ञावली असावी, ही कल्पनाही त्याच काळात बाजारात उतरली. २०२३ नंतर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सुविधा डेस्कटॉपवरील बहुतेक कामांत शिरल्या आणि त्यांविषयी मोठी नाराजी व्यक्त होऊ लागली. ही नाराजी म्हणजे नव्याला होणारा नेहमीचा विरोध, असे सांगितले जाते. इतिहास मात्र वेगळे सांगतो. न मागितलेली मदत तीस वर्षांपूर्वीही नकोशीच होती. परंतु तेव्हा ती नाकारता येत होती. हा अधिकार कसा क्षीण झाला आणि त्याचा आज्ञावलीच्या गुणवत्तेशी काय संबंध आहे, याचा विचार मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या उत्पादनांच्या आधारे येथे केला आहे.

१. पहिले साहाय्यक :

मार्च १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘बॉब’ ही आज्ञावली विक्रीस आणली. पडद्यावर घरातील खोल्या आणि मार्गदर्शन करणारी व्यंगचित्रे अशी तिची रचना होती. पुढच्याच वर्षी ती मागे घ्यावी लागली. तथापि ही कल्पना संपली नाही. ‘ऑफिस ९७’मध्ये कागदाला लावायच्या टाचणीच्या रूपातील ‘क्लिपी’ हा साहाय्यक अवतरला. पत्राचा मायना टंकलिखित होताच तो ‘पत्र लिहीत आहात असे दिसते’ अशा आशयाची सूचना घेऊन पुढे येई.

या साहाय्यकामागे ‘ल्युमिएर’ हा संशोधन प्रकल्प होता. एरिक हॉर्विट्झ आणि त्यांचे सहकारी संभाव्यताशास्त्राच्या आधारे वापरकर्त्याची गरज ओळखण्याचा प्रयत्न करीत होते. मदतीचा लाभ आणि व्यत्ययाचा उपद्रव यांची तुलना करूनच यंत्राने पुढाकार घ्यावा, हा विचारही त्या संशोधनात होता. परंतु व्यक्तीचे प्रावीण्य आणि सवयी लक्षात ठेवणारा भाग विक्रीस आलेल्या आज्ञावलीत नव्हता. परिणामी शंभरावे पत्र लिहिणाऱ्या लिपिकालाही पहिल्या पत्राचाच उपदेश ऐकावा लागे.

याउलट ‘वर्ड ९५’मध्ये आलेली, चुकीच्या शब्दाखाली उमटणारी लाल नागमोडी रेघ टिकून राहिली. ती काम थांबवत नाही आणि तिच्याकडे दुर्लक्ष करता येते. यंत्राची मदत सरसकट नाकारली गेली नव्हती, हे यावरून स्पष्ट होते. नाकारला गेला तो तिचा आगंतुकपणा. २००१ च्या ‘ऑफिस एक्सपी’मध्ये क्लिपी मुळातच बंद ठेवण्यात आला, कंपनीनेच जाहिरातीत त्याची थट्टा केली आणि ‘ऑफिस २००७’मधून तो कायमचा गेला.

२. ग्राहकाचा नकार आणि उत्पादकाची शिस्त :

क्लिपीला निरोप मिळण्यामागे त्या काळचा व्यवहारही होता. आज्ञावली तबकडीवर मिळे, एकदाच पैसे द्यावे लागत आणि ती वर्षानुवर्षे चाले. नवी आवृत्ती पसंत पडली नाही तर जुनी हाताशी असे. उत्पादकाची खरी स्पर्धा स्वतःच्याच जुन्या मालाशी होती. जानेवारी २००७ मध्ये ‘व्हिस्टा’ सर्वसामान्य ग्राहकांसाठी आली, तरी असंख्य कार्यालयांनी ‘एक्सपी’ सोडली नाही. तिला २०१४ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या द्याव्या लागल्या. ‘विंडोज ८’मधून २०१२ साली काढून टाकलेले स्टार्ट बटण पुढच्याच वर्षी परत आणावे लागले.

महाराष्ट्रातील शिक्षक व कर्मचारी वर्गाला याचे महत्त्व सहज उमगेल. एम.एस.-सी.आय.टी. अभ्यासक्रमातून येथील मोठ्या वर्गाने संगणक आत्मसात केला. कोणती आज्ञा कोठे आहे, हे हाताला पाठ होणे हीच त्या शिक्षणाची कमाई होती. ‘ऑफिस २००७’ने मेनूंची ती मांडणी मोडून ‘रिबन’ आणली. हा बदल ज्यांना पेलवत नव्हता, त्यांना जुनी आवृत्ती चालू ठेवण्याची मुभा मात्र होती.

बाहेरचा दबाव असला की उत्पादकही आत्मपरीक्षण करतो. विषाणूंच्या उपद्रवानंतर जानेवारी २००२ मध्ये बिल गेट्स यांनी कर्मचाऱ्यांना, नवी सुविधा आणि सुरक्षा यांत निवड करायची झाल्यास सुरक्षा निवडावी, असे लेखी कळविले. त्यानंतर विंडोजचे नवे काम काही आठवडे थांबवून जुन्या संहितेची तपासणी करण्यात आली.

३. वर्गणी आणि सक्तीचे अद्ययावतीकरण :

पुढील दशकात हा व्यवहार पालटला. २०१३ मध्ये अडोबीने आपल्या प्रमुख आज्ञावलींच्या नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीवर देण्याचे जाहीर केले. मायक्रोसॉफ्टनेही ‘ऑफिस ३६५’द्वारे ग्राहकांना त्याच दिशेने वळविले. जुलै २०१५ मध्ये आलेल्या ‘विंडोज १०’च्या घरगुती आवृत्तीत अद्ययावतीकरण आपोआप होऊ लागले. या सक्तीला सबळ कारण होते. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ हल्ल्यात दुरुस्ती न बसविलेले संगणकच प्रामुख्याने बळी पडले. मात्र सुरक्षेची दुरुस्ती ज्या वाटेने येते त्याच वाटेने नको असलेली सुविधाही येऊ लागली. एक स्वीकारून दुसरी नाकारणे कठीण झाले.

गुणवत्तेवरील परिणाम ऑक्टोबर २०१८ मध्ये दिसला. त्या अद्ययावतीकरणात काही वापरकर्त्यांच्या धारिका नष्ट झाल्या आणि वितरण थांबवावे लागले. स्वेच्छेने चाचणी करणाऱ्या काहींनी हा दोष आधीच कळविला होता. पण तक्रारींच्या ढिगाऱ्यात तो दुर्लक्षित राहिला. तक्रारीचे गांभीर्य नोंदविण्याची सोय त्यानंतर करण्यात आली.

४. नवा साहाय्यक :

सप्टेंबर २०२३ मध्ये ‘कोपायलट’ विंडोजमध्ये दाखल झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याच्यासाठी कळफलकावर स्वतंत्र कळ जाहीर झाली. केवळ साधा मजकूर लिहिण्यासाठी १९८५ पासून विंडोजसोबत असलेल्या ‘नोटपॅड’मध्येही मजकूर पुन्हा लिहून देणारी सुविधा आली. त्याच सुमारास ‘वर्डपॅड’ मात्र काढून टाकण्यात आले.

मे २०२४ मध्ये घोषित झालेली ‘रिकॉल’ ही सुविधा पडद्याची छायाचित्रे वारंवार टिपून साठविते. ती विशिष्ट क्षमतेच्या नव्या संगणकांपुरतीच होती. तरीही ज्या टेबलावर प्रश्नपत्रिका आणि विद्यार्थ्यांची खासगी माहिती हाताळली जाते, तेथे अशा सुविधेचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. सुरक्षा-तज्ज्ञांनी टीका केल्यानंतर ती मुळात बंद ठेवण्याचे ठरले आणि तिचे सार्वत्रिक वितरण एप्रिल २०२५ पर्यंत लांबले.

ऑस्ट्रेलियातील प्रकरण सर्वाधिक बोलके आहे. कोपायलट जोडून तेथील ‘मायक्रोसॉफ्ट ३६५’ची वैयक्तिक वार्षिक वर्गणी १०९ डॉलरवरून १५९ डॉलर करण्यात आली. कोपायलट नसलेली ‘क्लासिक’ योजना जुन्या दरात उपलब्ध होती. पण वर्गणी रद्द करण्याची प्रक्रिया सुरू केल्यावरच ती समोर येई. सुमारे २७ लाख ग्राहकांची दिशाभूल झाल्याचा आरोप करून तेथील स्पर्धा व ग्राहक आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयात धाव घेतली. पुढच्याच महिन्यात कंपनीने दिलगिरी व्यक्त करून परतावा देऊ केला.

निष्कर्ष :

कर्णबधिर विद्यार्थ्यासाठी बोलण्याचे तत्काळ अक्षरांकन करणारी सुविधा वरदानच आहे. त्यामुळे कृत्रिम बुद्धिमत्तेला सरसकट दोष देणे योग्य ठरणार नाही. क्लिपी आणि कोपायलट यांच्या क्षमतेत जमीन-अस्मानाचे अंतर असले, तरी दोघांच्या आगमनाची रीत एकच आहे. पहिल्याला ग्राहकाच्या नकाराने शिस्त लावली. दुसऱ्याच्या काळात ग्राहकाच्या हाती असलेले ते साधन कमकुवत झाले आणि त्याची उणीव आयोग व न्यायालये भरून काढू लागली आहेत.

दुसरा मार्गही उपलब्ध आहे. जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३०,००० शासकीय संगणक लिबरऑफिस व लिनक्सकडे नेण्याचा निर्णय जाहीर केला. प्रत्येक महाविद्यालयाला एवढे मोठे पाऊल उचलता येणार नाही. परंतु आज्ञावली खरेदी करताना तिची कोणती सुविधा बंद करता येते, बंद केल्यावर ती बंदच राहते काय आणि तिच्याविना दर किती, हे तीन प्रश्न लेखी विचारणे कोणत्याही खरेदी समितीला शक्य आहे. त्यांची उत्तरे दरपत्रकासोबत मागितली गेली, तर गेलेल्या अधिकाराचा काही अंश तरी वापरकर्त्याकडे परत येईल.