तेल, पाणी आणि गणित

आमटीवर तेलाचा तवंग येतो. कितीही ढवळले तरी तेल पाण्यात विरत नाही. त्या दोघांचे वैर आहे, असे आपण सहज म्हणतो. परंतु शास्त्राने या वैराचे कारण शोधले तेव्हा निराळेच सत्य हाती आले.

१९४५ मध्ये अमेरिकेत फ्रँक आणि इव्हान्स यांनी असा विचार मांडला की, पाण्याशी बंध न जुळणारा अध्रुवीय कण पाण्यात शिरला म्हणजे त्याच्या सभोवारचे जलरेणू अधिक शिस्तीने रचले जातात. प्रथिनांची घडी बसण्यातही अशाच कारणाचा मोठा वाटा आहे, असे १९५९ मध्ये कॉझमन यांनी प्रतिपादिले. स्वयंपाकघरातला प्रश्न असा जीवनाच्या मुळाशी जाऊन भिडला. पण जलरेणूंची ही हालचाल पाहावी कशी?

तो मार्ग हैदराबादेत जन्मलेल्या अनीसुर रहमान यांनी दाखविला. शिकागोजवळील राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९६४ मध्ये त्यांनी द्रवरूप अर्गॉनच्या ८६४ अणूंना न्यूटनचे गतिनियम लावून प्रत्येकाची क्षणोक्षणीची जागा संगणकाकडून काढून घेतली. १९७१ मध्ये स्टिलिंजर यांच्यासह त्यांनी पाण्याचेही असेच गणित मांडले. १९७९ मध्ये पंगाली, राव आणि बर्न यांनी अशा गणिती पाण्यात दोन अध्रुवीय कण ठेवले. त्यांना दोन अंतरे सोयीची आढळली: परस्परांना भिडून राहण्याचे, किंवा मध्ये जलरेणूंचा एक थर ठेवण्याचे. म्हणजे कणांना एकत्र आणण्यात वा दूर ठेवण्यात मुख्य हात पाण्याचाच. तेथे वैर नाही. जलरेणूंना आपापसांतील बंध अधिक प्रिय, इतकेच.

पाण्याच्या या स्वभावाचा अभ्यास दिल्लीतही झाला. केंब्रिजहून पीएच. डी. मिळविलेल्या चारुसीता चक्रवर्ती हौज खास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अध्यापन करीत. द्रवातील रेणूंची रचना, त्यांची अव्यवस्था आणि त्यांची गती यांचे नाते त्यांनी संगणकाच्या साहाय्याने उलगडले. २००९ मध्ये त्यांना भटनागर पुरस्कार लाभला. २०१६ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले.

संगणक स्वतः काही पाहत नाही. रेणूंमधील बलाचा नियम चुकीचा गृहीत धरला, तर उत्तरही चुकते. म्हणून प्रयोगाची कसोटी त्यालाही चुकत नाही. मात्र त्या कसोटीस उतरलेले गणित, डोळ्यांना कधीच न दिसणारे पाणी आपल्यापुढे उभे करते.