सरवा वेचणाऱ्या बायका

आषाढ वद्य एकादशीला आमच्या भागात परतवारी म्हणतात. पंढरपूरहून परतलेली माणसं त्या दिवशी हिंगोलीजवळ, कयाधूच्या काठी, नरसी नामदेवला येतात. नामदेवांचं हे जन्मगाव, असं आम्ही पिढ्यान्पिढ्या मानत आलो आहोत. काही वर्षांपूर्वी मी असाच गेलो होतो. देवळात गर्दी मावत नव्हती, म्हणून गुरुद्वाऱ्याकडे वळलो. हो, नरसीत गुरुद्वाराही आहे, कारण शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. नांदेडला आलेले पंजाबी यात्रेकरू वाट वाकडी करून इथं येतात. तिथं एक वयस्कर पंजाबी बाई गुटका उघडून पुटपुटत बसल्या होत्या. मला गुरुमुखी येत नाही. मध्येच ‘नामदेव’ हा शब्द ऐकू आला तेवढाच. पण त्या डोळे पुसत होत्या.

आमच्या शिंपीदादाचं बोलणं सातशे वर्षांनी, दुसऱ्या लिपीत, दुसऱ्या धर्माच्या ग्रंथातून एका परप्रांतीय बाईच्या कामी आलं होतं. परतीच्या एसटीत माझ्या मनात उलट्या दिशेचा प्रवास घोळू लागला. फार दूरचं, दुसऱ्यांच्या धर्मातलं बोलणं आपल्या मराठी बायकांच्या कामी कधी आलं का? आलं होतं. तो इतिहास पंडिता रमाबाईंचा आहे. तो मला कळला मात्र ‘सरवा’ या एका शब्दामुळं, आणि त्या शब्दासाठी आधी आमच्या घरात जावं लागेल.

१९७२ च्या दुष्काळात मी आठ वर्षांचा होतो. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. बाप दुष्काळी कामावर खडी फोडायला, आम्ही पोरं शाळेत सुकडीच्या रांगेत. आणि माय, ज्यांच्या विहिरीला थोडं पाणी होतं त्यांच्या शेतात, ज्वारीची कापणी झाल्यावर सरवा वेचायला. कापताना खाली पडलेली, चुकून राहिलेली कणसं म्हणजे सरवा. तो गरिबानं वेचून न्यावा, मालकानं बघून न बघितल्यासारखं करावं, अशी रीत. माय संध्याकाळी ओटीत दोन मुठी कणसं घेऊन यायची. ती त्याबद्दल कधी बोलली नाही. सरवा वेचणं ही सांगायची गोष्ट नव्हती.

पुढं इतिहास शिकवू लागलो तेव्हा मराठी बायबल चाळताना, रूथ नावाच्या चार अध्यायांच्या छोट्या पुस्तकात, मला तोच शब्द भेटला. एक परदेशी विधवा दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचते आहे. मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो.

आता रमाबाईंकडे येतो. त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं, आणि हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणं सांगत हिंडलं. १८७४ नंतरच्या दुष्काळानं मद्रास इलाख्यात त्यांना गाठलं. वडील गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. आईच्या तिरडीला खांदेकरी पुरे पडेनात. भावाबरोबर रमाबाईंनी स्वतः खांदा दिला, आणि उंची कमी म्हणून तो भार डोक्यावर घ्यावा लागला. उरलेली दोघं भावंडं पायी उत्तरेत गेली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नव्हतं, तेव्हा वाळूत खड्डे करून गळ्यापर्यंत स्वतःला पुरून घेऊन त्यांनी रात्री काढल्या. हे सगळं त्यांनी पुढं स्वतःच लिहून ठेवलं आहे, तेही कुठं आवाज न चढवता.

पुराणांचे हजारो श्लोक मुखोद्गत असलेली ही मुलगी १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. तिथंच एका ख्रिस्ती मेळाव्यात कुणीतरी संस्कृत बायबल हातात दिलं. त्यांनी ते वाचायचा प्रयत्न केला, पण ते संस्कृत त्यांना ओळखीचं वाटेना, आणि त्यातलं बोलणंही. वेळ फुकट गेला, असं त्यांचं मत झालं. पुस्तक मात्र टाकलं नाही. पुढं लग्न होऊन आसामात सिल्चरला असताना घरातल्या पुस्तकांत लूकचं शुभवर्तमान सापडलं. ते बंगालीत होतं, आणि ते मात्र त्यांनी आवडीनं वाचलं. संस्कृताच्या पंडितेला जे संस्कृतात भिडलं नाही ते बोलभाषेत भिडलं, ही गोष्ट मला त्यांच्या चरित्रातल्या मोठ्या घटनांइतकीच महत्त्वाची वाटते.

१८८२ मध्ये पती वारले. पदरात लहानगी मनोरमा. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, आणि १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. लंडनच्या फुलहॅम भागात, समाजानं टाकलेल्या बायकांना सांभाळणाऱ्या जोगिणींचं काम त्यांनी पाहिलं. हे तुम्ही का करता, असं विचारल्यावर तिथल्या एकीनं योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. भर दुपारी विहिरीवर आलेली, पाच नवरे झालेली, परजातीची बाई, आणि तिच्याकडं पाणी मागणारा येशू. यहुदी शोमरोन्याच्या हातचं पाणी घेत नसत. विहीर, पाणी आणि जात यांचं नातं भारतीय माणसाला समजावून सांगावं लागत नाही. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात त्यावरून जे वादळ उठलं, आणि दहा वर्षांनी शारदा सदनावरून ‘केसरी’नं जी झोड उठवली, ती सर्वांना माहीत आहे. त्यात आज शिरत नाही.

मला सांगायचं आहे ते १८९६-९७ बद्दल. मध्य प्रांतात दुष्काळ पडला. त्याच्या बातम्या वाचून रमाबाईंना स्वतःचे दिवस आठवले आणि त्या तिकडं गेल्या. मदतीच्या छावण्यांत पोरींची हाडं तर दिसलीच, पण त्यांना पळवायला टपलेली माणसंही दिसली. त्यांनी सुमारे तीनशे मुली-बायका आणल्या. पुण्यात प्लेग असल्यामुळं त्यांना शहरात ठेवता येईना, म्हणून दौंडच्या अलीकडं केडगावला, रेल्वेलगतच्या त्यांच्या शेतावर, आधी तंबू आणि छपरं उभी राहिली. तेच पुढं मुक्ती सदन झालं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली माणसं दोन हजारांच्या आसपास गेली.

इथं एक प्रश्न मला नेहमी टोचतो. उपाशी माणसाला शास्त्रातली आशा सांगणं ही क्रूर चेष्टा नाही का? आणि ज्याच्या हातची भाकरी खायची त्याचाच देव मानायचा, यात उपाशी पोरीला निवड कितीशी असते? दुसऱ्या प्रश्नाचं मला पूर्ण समाधान होईल असं उत्तर सापडलेलं नाही. पहिल्याचं उत्तर रमाबाईंनी कामातून दिलं. आधी विहिरी खोदल्या, शेत केलं, मग विणकाम, तेलघाणा, गोठा. आंधळ्या मुलींसाठी मनोरमेनं ब्रेल शिकवायला घेतलं. त्या विभागाचं नाव बार्तीमी सदन. मार्काच्या शुभवर्तमानात रस्त्याच्या कडेला बसून, लोक गप्प करत असतानाही ओरडत राहणारा आंधळा बार्तीमय आहे, त्याच्यावरून ते नाव.

आणि ज्या शास्त्राचा त्यांनी आधार घेतला ते सुखवस्तू माणसांनी लिहिलेलं नाही, हेही पाहिलं पाहिजे. इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास बाबिलोनच्या नबुखद्नेस्सरानं यरुशलेम पाडलं. त्या वेढ्यातल्या उपासमारीवर ‘विलापगीत’ नावाची पाच काव्यं आहेत. पोरं भाकरी मागतात आणि मोडून द्यायला कोणी नाही, इतकं उघडं दुःख त्यात आहे. पाचांपैकी चार हिब्रूच्या बावीस अक्षरांच्या क्रमानं रचली आहेत. जणू रडायलाही कवीला काहीतरी धरायला हवं होतं. गंमत म्हणजे आशेच्या ओळी शेवटी येत नाहीत. त्या मधोमध, तिसऱ्या काव्यात आहेत, आणि पुस्तक संपतं ते देवा, तू आम्हाला कायमचं टाकलंस का, अशा सुरात. म्हणजे तक्रारीला तिथं मज्जाव नाही. आपले संतही विठ्ठलाशी भांडले, त्यामुळं आपल्याला याचं नवल वाटू नये.

रूथची गोष्टही दुष्काळापासूनच सुरू होते. बेथलेहेमचा अर्थ ‘भाकरीचं घर’, आणि त्याच गावात भाकरी नाही, म्हणून एक कुटुंब परमुलखात जातं. तिथं नवरा मरतो, दोन्ही मुलगे मरतात. नामी ही सासू परत निघते आणि रूथ ही सून तिला सोडत नाही. गावच्या बायका ओळखतात तेव्हा नामी म्हणते, मला त्या नावानं हाकच मारू नका, देवानं माझं सगळं कडू करून टाकलं आहे. केडगावात जमलेल्या बालविधवांना ही गोष्ट कशी ऐकू आली असेल याची मी फक्त कल्पना करतो. दोन विधवा, दुष्काळ आणि सरवा. यातला कुठला शब्द त्यांना अडला असता?

शब्द अडू नये, हाच पुढं रमाबाईंचा ध्यास झाला. प्रचलित मराठी बायबलची भाषा त्यांना फार संस्कृतप्रचुर वाटे. ज्यांना पंडिता ही पदवी संस्कृतानं मिळवून दिली त्यांनी हे म्हणावं! सिल्चरचं ते बंगाली पुस्तक त्या विसरल्या नसाव्यात. नव्या भाषांतरासाठी उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मराठीत हिब्रूचं व्याकरण लिहिलं, आणि आयुष्याची शेवटची सतरा-अठरा वर्षं या कामाला दिली. खिळे जुळवणं, छापणं, बांधणं ही कामं मुक्तीच्या छापखान्यात बायका-मुली करत. २४ जुलै १९२१ ला मनोरमा गेली, चाळीस वर्षांची. रमाबाई प्रुफं तपासत राहिल्या. ते काम आटोपलं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला तो त्यांच्यामागून. चर्चमध्ये तो फारसा रुळला नाही. बायबल सोसायटीचंच भाषांतर चालत राहिलं. मूळ शब्दाला घट्ट धरून राहिल्यामुळं रमाबाईंचं मराठी जागोजागी खडबडीत झालं आहे, हेही खरं.

माझी माय निरक्षर होती. हरिपाठ पाठ, बाकी अक्षराशी वैर. तिच्या शेवटच्या वर्षांत, एका दुपारी वीज गेलेली असताना, मी तिला रूथची गोष्ट सांगितली. बायबलातली आहे हे सांगितलं नाही, नुसती एक जुनी गोष्ट म्हणून. बवाज नावाचा शेतमालक कापणीवाल्यांना सांगतो की, त्या पोरीसाठी पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसं गाळत जा, आणि तिला रागावू नका. तिथं मायनं मला थांबवलं.

‘‘मुद्दाम गाळली म्हनतोस?’’

‘‘हो.’’

ती बराच वेळ बाहेर बघत होती. मग म्हणाली, ‘‘आपल्या इथं बी एक मालकीन व्हती. माझ्या म्होरं चालायची आन् हातातलं कनीस असं खाली सोडायची. मला वाटायचं, बाईचा हात कापतोय.’’ मग पदरानं तोंड पुसून तिनं विचारलं, ‘‘मंग त्या म्हाताऱ्या सासूचं पुढं काय झालं?’’