असीरियाचे सम्राट व त्यांचीं शिल्पें

आजच्या इराकच्या उत्तर भागांत तैग्रिस नदीच्या कांठीं अश्शूर नांवाचें प्राचीन नगर होतें. नगराचें नांव अश्शूर, त्याच्या देवाचें नांव अश्शूर, आणि पुढें देशालाहि तेंच नांव मिळालें. ग्रीकांनीं त्याचें असीरिया केलें. उत्तरेच्या व पूर्वेच्या डोंगरांतून टोळ्या उतरत. पश्चिमेचें मैदान उघडेंच होतें. अशा देशानें शेजाऱ्यांच्या दयेवर जगावें किंवा त्यांच्यावर चालून जावें, हे दोनच मार्ग उरतात. असीरियनांनीं दुसरा पत्करला.

इ. स. पू. ८८३ ते ८५९ या काळांत राज्य करणारा दुसरा अश्शूरनासिरपाल हा या उत्कर्षाचा एक मुख्य शिल्पकार होय. त्यानें कालहू येथें नवी राजधानी वसविली. नव्या राजवाड्याच्या समारंभास ६९,५७४ माणसें दहा दिवस जेवलीं, असें त्याचाच शिलालेख सांगतो. त्यांत राज्याच्या निरनिराळ्या भागांतून आणलेलीं ४७,०७४ माणसें, नगरांतील १६,००० रहिवासी, राजवाड्यांतील १,५०० अधिकारी आणि परराज्यांतील ५,००० वकील होते. पाहुण्यांची इतकी बारीक मोजदाद ठेवणारा राजा पंक्तीचाहि राजकारणासाठीं उपयोग करीत होता, हें उघड आहे.

पंगत उठली, तरी भिंतींचें काम चालूच राहिलें. दालनांच्या भिंतींना पुरुषभर उंचीहून मोठ्या शिळा बसवून त्यांवर युद्धें, मृगया व देवपूजा कोरलेल्या होत्या. त्यांवर रंगहि दिलेला होता. दारांशीं मनुष्यमुखी, सपक्ष बैल व सिंह उभे होते. त्यांना पांच पाय असत. समोरून पाहणाऱ्यास प्राणी स्थिर उभा दिसे व बाजूनें पाहणाऱ्यास चालतांना दिसे. आकृतींच्या अंगावरूनच राजाच्या पराक्रमाचा लेख आडवा खोदलेला असे, आणि तोच मजकूर शिळेमागून शिळेवर पुन्हा येई. खंडणी घेऊन आलेल्या वकिलास अक्षर वाचतां आलें नाहीं, तरी अर्थ कळण्यास अडचण नव्हती.

इ. स. पू. ७४५ मध्यें गादीवर आलेल्या तिसऱ्या तिग्लथ-पिलेसरनें या सत्तेला साम्राज्याचें पक्कें रूप दिलें. जिंकलेल्या प्रदेशांवर त्यानें सुभेदार नेमले आणि पराजितांचीं कुटुंबें उचलून दूरच्या प्रांतांत वसविण्याची रीत मोठ्या प्रमाणावर चालविली. इ. स. पू. ७०१ मध्यें सेनाखेरिबनें यहूदाचें लाखीश नगर घेतलें. निनेव्हेच्या त्याच्या राजवाड्यांतील एका दालनांत तो सारा वेढा कोरलेला आहे. तटाशीं भिडलेलीं यंत्रें, सुळावर दिलेले कैदी, सिंहासनावर बसलेला राजा आणि बैलगाड्यांत संसार घालून देशोधडीला निघालेलीं बायकामुलें, असें सर्व तेथें एकत्र दिसतें.

अश्शूरबानिपालाच्या काळीं ही कला शिखरास पोंचली. त्याच्या सिंहमृगयेच्या चित्रांत मनुष्य पिंजऱ्याचें दार वर उचलतो आहे. म्हणजे सिंह रानांतला नसून राजाच्या बाणांसाठींच सोडलेला आहे. पण त्याच मालिकेंत बाणांनीं विंधलेली एक सिंहीण आहे. तिचा मागचा भाग लुळा पडला आहे, आणि पुढच्या पायांवर शरीर ओढीत ती गर्जना करीत आहे. कारागिराला राजाचें शौर्यच दाखवावयाचें होतें. तथापि वेदनेचें इतकें खरें चित्र प्राचीन जगांत क्वचितच आढळेल.

इ. स. पू. ६१२ मध्यें मीड व बाबिलोनियन यांच्या फौजांनीं निनेव्हे जिंकून जाळलें. लाखीशच्या चित्रांतील राजाचें मुख मुद्दाम फोडलेलें आहे. तें बहुधा या विजेत्यांचेंच कृत्य असावें. इ. स. पू. ४०१ मध्यें झेनोफोन हा ग्रीक सेनानी त्या ओसाड तटांजवळून गेला. त्यानें त्या स्थळाचें भलतेंच नांव नोंदविलें व नगर मीडांचें असल्याचें लिहिलें. दोन शतकांतच जग निनेव्हेचें नांव विसरलें होतें.

इ. स. १८४५ पासून लेयर्डनें केलेल्या उत्खननांत हीं शिल्पें पुन्हा उजेडांत आलीं. तराफ्यांवरून बसऱ्यास व तेथून मुंबईमार्गें कित्येक शिळा इंग्लंडास गेल्या. कांहीं मुंबईच्या वस्तुसंग्रहालयांत आजहि पाहावयास मिळतात. कालहूच्या राजवाड्याचे जे अवशेष जागेवर उरले होते, ते २०१५ सालीं इस्लामिक स्टेटच्या लोकांनीं सुरुंग लावून उडविले. वांचलेल्या शिळांवरील राजांच्या बढाया विद्वान आजहि वाचतात. सामान्य प्रेक्षक मात्र राजाचा रथ ओलांडून त्या सिंहिणीपाशीं थांबतो.