धुळीची साक्ष

कोळशाच्या खाणीतले मोठे स्फोट एवढी माणसे का मारतात, या प्रश्नाच्या उत्तराचा महत्त्वाचा भाग १८४५ मध्येच छापून आला होता. तो उद्योगाने मान्य करायला १९०६ उजाडावे लागले. मधल्या काळात उत्तर कोणी दडवून ठेवले नव्हते. ते ग्रंथालयांत होते, विज्ञानसंस्थांच्या कार्यवृत्तांत होते. तरीही माणसे मरत राहिली. असे का झाले, याचा शोध घेतला की औद्योगिक सुरक्षेच्या चाचण्या नेमक्या कशासाठी असतात, हे उमगते.

इंग्लंडच्या डरहॅम परगण्यातील हॅसवेल खाणीत २८ सप्टेंबर १८४४ रोजी स्फोट झाला. ९५ माणसे आणि मुले दगावली. डरहॅमच्या खाणकामगारांचा अनेक महिने चाललेला संप नुकताच मोडला होता. त्यामुळे मालकांच्या माणसांनी केलेल्या चौकशीवर कोणाचा विश्वास बसणार नव्हता. कामगारांचे वकील रॉबर्ट्स यांनी थेट पंतप्रधान पील यांच्याकडे दाद मागितली. सरकारने मायकेल फॅरडे आणि भूवैज्ञानिक चार्ल्स लायेल या दोघांना पाठवले.

लायेल यांनी पुढे सांगितलेली एक हकीकत प्रसिद्ध आहे. खाणीतल्या हवेचा वेग कसा मोजता, असे फॅरडे यांनी विचारले. तेव्हा मेणबत्तीच्या ज्योतीवर चिमूटभर बंदुकीची दारू टाकून धूर किती वेळात कुठवर जातो, हे त्यांना दाखवण्यात आले. ही दारू ठेवता कुठे, असे विचारल्यावर कळले की ती पिशवीत आहे, आणि त्या पिशवीवर स्वतः फॅरडेच बसले आहेत! धोका रोजचा झाला की तो दिसेनासा होतो. हॅसवेलच्या बाबतीत हे धुळीलाही लागू होते.

डेव्हीचा सुरक्षा-दिवा १८१५ मध्ये आल्यापासून सर्वांच्या लेखी गुन्हेगार एकच होता, तो म्हणजे खाणीत साचणारा मिथेन वायू. फॅरडे आणि लायेल यांना मात्र खांबांवर आणि लाकडी टेकूंवर कोळशाच्या धुळीचा भाजून निघालेला थर दिसला. स्फोट ज्या दिशेने आला त्या बाजूला तो चिकटला होता आणि काही ठिकाणी जवळजवळ इंचभर जाड होता. म्हणजे वायूने आग लावली, पण पुढे जळत गेली ती धूळ. हे निरीक्षण त्यांच्या अहवालात स्पष्ट आहे. मालकांनी मात्र वाद घातला तो अहवालातल्या वायुवीजनाच्या सूचनेवर. ती व्यवहार्य नाही, असे त्यांचे म्हणणे होते. धुळीचा मुद्दा मागे पडला.

यात व्यवहारही होता. वायू काही खाणींत असतो, काहींत नसतो. धूळ मात्र प्रत्येक खाणीत असते. धूळ दोषी ठरली तर सुरक्षित म्हणावी अशी खाण उरतच नाही.

पण सारा दोष स्वार्थावर टाकता येत नाही. प्रयोगशाळाही दिशाभूल करत होती. विल्यम गॅलोवे या खाण-निरीक्षकांनी १८७६ मध्ये दाखवले की हवेत एक टक्क्याहून कमी वायू असला, तरी धुळीमुळे ती हवा पेट घेते. मात्र वायू अजिबात नसताना त्यांच्या उपकरणात धूळ पेटेना. फ्रान्समध्ये मालार आणि ल शातलिए या नामवंत शास्त्रज्ञांनी तर वायू नसेल तेथे धुळीचा गंभीर धोका नाही, असा निर्वाळा दिला.

यातली गोम पुढे कळली. जमिनीवर पडलेली धूळ आपण होऊन स्फोट करत नाही. आधी एखादा छोटा भडका लागतो. वायूचा किंवा चुकलेल्या सुरुंगाचा. त्याच्या दाबाची लाट पुढे धावते आणि कडेकपारीतली धूळ हवेत उडवते. मागून येणारी ज्वाला ती धूळ पेटवते, त्यातून नवी लाट उठते. या साखळीला वेग घ्यायला लांब बोगदा लागतो. चार-सहा फुटांच्या नळीत ती जन्मण्याआधीच विझते. उपकरण लहान होते, म्हणून धोका लहान दिसला.

१० मार्च १९०६ रोजी उत्तर फ्रान्समधील कूरियेर येथे ही साखळी शंभर किलोमीटरहून अधिक लांबीच्या बोगद्यांतून धावली. १,०९९ माणसे गेली. या खाणी जवळजवळ वायुमुक्त मानल्या जात, म्हणून तिथे उघड्या ज्योतीचे दिवे वापरात होते. वीस दिवसांनी तेरा जण अंधारातून चालत वर आले, तेव्हा शोधकार्य लवकर आवरल्याचा संतापही उसळला.

त्यानंतर प्रयोग खऱ्या आकारात होऊ लागले. फ्रान्समध्ये लिएव्हँ येथे ताफानेल यांनी चाचणीचा बोगदा उभारला. यॉर्कशायरमध्ये ऑल्टॉफ्ट्स येथे विल्यम गारफर्थ यांनी जुन्या बॉयलरांची कवचे एकापुढे एक जोडून जमिनीवर लांब नळी केली आणि १९०८ पासून तीत मुद्दाम स्फोट घडवले. वायूचा अंशही नसताना नुसती धूळ गर्जून उठली. गारफर्थ यांना उपायाचा धागा १८८६ च्या एका स्फोटात सापडला होता. वाटेवर दगडाची धूळ पसरलेली होती तिथे ज्वाला विझली होती. दगडाची भुकटी कोळशाच्या धुळीबरोबर उडते, उष्णता शोषून घेते आणि साखळी तोडते. उपाय इतका साधा, आणि तोही धुळीचाच.

तरीही वेल्समधील सेंघेनिथ खाणीत १९१३ साली ४३९ कामगार गेले. दगडी भुकटी ब्रिटनमध्ये सक्तीची झाली ती १९२० च्या आदेशांनी. आपल्याकडे १९५६ मध्ये धनबादला खाण संशोधन केंद्र निघाले. १९५७ च्या नियमांत धूळ निष्प्रभ करण्याची तरतूद आली. चंद्रपूर-बल्लारपूरच्या भूमिगत खाणींनाही ती लागू झाली. २८ मे १९६५ रोजी तेव्हाच्या बिहारमधील धोरी खाणीत धुळीच्या स्फोटाने २६८ बळी घेतले. तेव्हा ज्ञान होते, चाचणी झालेली होती, नियमही होता.

फॅरडे यांचे निरीक्षण अचूक होते. त्याला ऑल्टॉफ्ट्सच्या नळीची जोड मिळेपर्यंत ते एक मत राहिले. आणि नळीतला प्रयोग यशस्वी झाला म्हणून खाण सुरक्षित होत नाही. कोळशाची धूळ पाळीगणिक नव्याने बसते आणि कालची भुकटी तिच्याखाली गाडली जाते. म्हणून बोगद्याच्या तळावरून, भिंतींवरून, छताखालून धुळीचे नमुने गोळा करून त्यांत न जळणारा भाग किती आहे, हे पुन्हा पुन्हा तपासावे लागते. या कामात कसलाही गाजावाजा नाही. ते ज्या दिवशी नीट होते, त्या दिवसाची नोंद इतिहासात होत नाही, कारण त्या दिवशी पाळी संपल्यावर सगळे घरी जातात.