युद्धकाळातील पुढारी आणि व्यंगचित्रकाराची रेघ

पूर्वी विंचूरला चावडीपुढे वर्तमानपत्र आले, की एकजण मोठ्याने वाची आणि बाकीचे ऐकत. मजकूर ऐकून भागे. परंतु व्यंगचित्र मात्र ज्याला त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे असे. “जरा इकडे करा बघू,” म्हणत अक्षरशत्रू म्हातारादेखील कागद हातात घेई. युद्धाच्या दिवसांत पुढाऱ्याचे रूप लोकांच्या मनात ठसते, ते पुष्कळदा या चौकटीतून. तेव्हा ते रूप घडते कसे, हे आपण पाहू.

आधी थोडे विलायतेत जाऊन येऊ. डेव्हिड लो हा लंडनच्या ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’चा व्यंगचित्रकार. हिटलरचा त्याने इतका बागुलबुवा नव्हे, तर इतका हास्यास्पद माणूस केला, की जर्मनीकडून इंग्रज सरकारकडे तक्रार गेली. क्रूर म्हटलेले हुकूमशहाला चालते, हसलेले खपत नाही! याच लोने चर्चिलचीही पूर्वी भरपूर टर उडवली होती. मात्र मे १९४० मध्ये चर्चिल पंतप्रधान झाले, तेव्हा त्याने काढलेले चित्र पाहा. चर्चिल बाह्या सरसावून निघाले आहेत. पण एकटे नाहीत. शेजारी कालपर्यंतचे विरोधक ॲटली व बेव्हिन आहेत, आणि मागे माणसांची रांगच रांग. पुढारी मोठा दिसतो तो त्या रांगेमुळे.

आपल्या मुंबईच्या व्यंगचित्रकारांवर लोची मोठी छाप होती. आर. के. लक्ष्मण तर लहानपणी त्याची सही ‘काउ’ अशी वाचत. ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये त्यांच्यासोबत काम केलेले बाळ ठाकरे यांनाही लो गुरुस्थानी. ठाकऱ्यांनी १९६० साली ‘मार्मिक’ काढले, त्याचे प्रकाशन केले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांनी. उद्या हा कुंचला आपल्यावरच फिरणार, हे त्यांना ठाऊक नसेल असे कसे म्हणावे?

मग १९६२ चा ऑक्टोबर उजाडला आणि चीनने हल्ला केला. संरक्षणमंत्री होते कृष्ण मेनन. त्याच वर्षी उत्तर मुंबईने त्यांना निवडून दिले होते. टोकदार नाक, विसकटलेले केस, हातात काठी. व्यंगचित्रकाराला आणखी काय हवे? आता तुम्हीच विचार करा. सीमेवर रस्ते नव्हते, जवानांना पुरेसे गरम कपडे नव्हते, हातात जुन्या थ्री-नॉट-थ्री बंदुका होत्या, आणि चीनविषयीचा अंदाज तर साऱ्या सरकारचाच चुकला होता. हे सगळे एका चौकटीत कसे काढणार? नाक मात्र काढता येते. मेननांचा दोष नव्हता असे मी म्हणत नाही, दोष होताच. परंतु अनेकांचा दोष एका चेहऱ्यावर येऊन बसला, त्यात रेघेचाही वाटा होता असे मला वाटते. नोव्हेंबरात मेनन गेले, आणि २१ तारखेला यशवंतरावांनी ते खाते हाती घेतले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावून गेला, हे वाक्य महाराष्ट्रात घरोघर झाले. हेही एक चित्रच, शब्दांनी काढलेले. १९६३ साली नाशिक मतदारसंघाने त्यांना लोकसभेवर बिनविरोध पाठवले.

नेहरूंचे वेगळे. त्या युद्धानंतर लक्ष्मण यांनी त्यांच्यावर टीकेचे चित्र काढले. नेहरूंनी फोन करून सही केलेली मोठी प्रत भिंतीवर लावायला मागितली, अशी आठवण लक्ष्मण यांनी सांगितली आहे. पराभवाने खचलेल्या त्या वृद्ध माणसाला ते चित्र काय वाटले असेल, कोण जाणे.

शिक्षकबंधूंना एक सुचवतो. वर्गात असे एखादे चित्र लावा आणि मुलांना विचारा, या चित्रात कोण नाही? आमच्या विंचूरला या प्रश्नाची सवय आहे. पानिपतावर १७६१ साली विठ्ठल शिवदेव विंचूरकर गारद्यांच्या तोफा-बंदुकांचा आधार सोडून घोडदळासह पुढे धावले आणि ठरलेली रचना मोडली, असा ठपका इतिहासकार ठेवतात. तेव्हा व्यंगचित्रे नव्हती, बखरी होत्या. पण त्या दिवशी उपाशी फौज, दमलेली घोडी आणि आपसातली भांडणेही रणांगणावर होतीच. गावात अजून हा विषय निघाला, की आवाज चढतात.